हस्तांतरण

"हे हस्तांतरण आहे, गुरुजी," सदाशिवराव म्हणाले आणि त्यांनी रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं.

शंकरसिंगला शब्द कळला. सातवीच्या मुलांना त्यानं तो फळ्यावर फोडून शिकवला होता, या हातातून त्या हातात. तरी रजिस्टरच्या त्या रकान्यावरून त्याची नजर पुढे सरकेना. डाव्या बाजूला एकच नाव होतं, खाली खाली तेच म्हणून दोन रेघा मारत नेलेलं. उजव्या बाजूला अकरा नावं. धावजी नायक. भीमसिंग. मोतीबाई. सगळ्यांत शेवटी धनीबाई. ती त्याची काकी, त्याला वाढवणारी. या अकरा जणांचे अंगठे ओळखून द्यायला म्हणूनच तर त्याला बोलावलं होतं. लोहाऱ्याची ही सूत गिरणी बुडाली होती. तिचं जे काही उरलं होतं ते विकून निकाल लावायला कोर्टानं लिक्विडेटर नेमला होता, आणि त्या लिक्विडेटरचे कारकून सदाशिवराव नागपूरहून येऊन गेले पंधरा दिवस गिरणीच्या टाइम ऑफिसात बसत होते. शंकरसिंगची शाळा तिथून हाकेच्या अंतरावर. मधल्या सुट्टीत तो सायकल हातात धरून चालत आला होता. येताना त्याच्या मनात एक लहानशी आशा होती, थोडं का होईना परत मिळेल, काकीला सांगायला काहीतरी होईल. आता तो लाकडी बाकावर बसून डाव्या बाजूचं ते एकच नाव वाचत होता. ज्यांच्या घरी राहून तो शिकला त्या बापूजींचं, गिरणीच्या डायरेक्टरचं नाव. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, वकील या पदवीसकट.

"म्हणजे यांचे पैसे गिरणीत आलेच नाहीत?" त्यानं विचारलं.

"कसे येतील? गिरणीनं काही विकलंच नाही यांना. वकीलसाहेबांनी आपले शेअर होते ते यांना विकले. पैसे वकीलसाहेबांचे. रीतसर आहे सगळं." सदाशिवरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. "साक्षीदार म्हणून सही तुमचीच आहे. ओळखता ना?"

त्यानं ओळखली. 'शं'चा अनुस्वार तो नेहमी जरा मोठा, गोल काढायचा. मुलं अनुस्वार विसरतात म्हणून लागलेली सवय. अकरा ठिकाणी तो गोल अनुस्वार होता. तारीख होती अठ्ठावन्न सालच्या फेब्रुवारीची. बाहेर गिरणीच्या मोठ्या शेडमध्ये कबुतरं घुमत होती, आणि तो आवाज त्याला इतका जवळून ऐकू येत होता की आपण काहीतरी बोललो का असं वाटून त्यानं सदाशिवरावांकडे पाहिलं. ते दुसरं पान काढत होते.

फेब्रुवारी. तेव्हा कापसाच्या गाड्या यवतमाळच्या जिनिंगकडे रांगेनं उभ्या होत्या आणि बापूजींनी त्याला ओसरीवर बोलावून ते फॉर्म दिले होते. गुलाबी. पहिले फॉर्म पांढरे होते. ते छप्पन्न सालातले, गिरणीचा पाया बसला तेव्हाचे. तेव्हा सरकार नागपूरला होतं, नागपूरचे मंत्री आले होते, बँड होता, आणि बापूजी व्यासपीठावरून म्हणाले होते, कापूस आपला आणि सूत परक्याचं, हे आणखी किती दिवस? शंकरसिंगनं स्वतः पाच शेअर घेतले होते, दोन पगारांतून वाचवून. महिनाभरात राज्यच बदललं. नागपूरचं सरकार उठून मुंबईला गेलं, फायली पेट्यांत भरून रेल्वेनं गेल्या, आणि बापूजी हसत म्हणायचे, आपली गिरणीही त्या पेटीत आहे, लवकरच उघडेल. मंत्री तेच होते, मुंबईत जाऊनही मंत्रीच राहिले होते. काळजी करण्याचं कारण नव्हतं. मग ते गुलाबी फॉर्म. इंग्रजीत. ताज्या कागदाचा आणि डिंकाचा वास येत होता. "तुझ्या तांड्यातल्या लोकांना बाहेर काहून ठेवायचं?" बापूजी म्हणाले होते. "उद्या मिल चालली की म्हणतील, बापूजीनं आपल्याच माणसांना घेतलं, बंजाऱ्यांना विचारलं नाही." त्याच ओसरीवर तो चार वर्षं झोपला होता. महागावकडच्या तांड्यातून आलेला, मराठी अडखळत बोलणारा पोरगा. बापूजींनी फी भरली, त्यांच्या पत्नी विमलताईंनी स्वयंपाकघरात आपल्या मुलींच्या पंगतीत पाट मांडला. पहिल्या दिवशी तो पाटावर न बसता भिंतीशी उकिडवा बसला तेव्हा विमलताई म्हणाल्या होत्या, "पाट तुझाच आहे रे." तांड्यातला पहिला मॅट्रिक. मास्तरकीची ऑर्डर बापूजींच्याच शब्दावर निघाली. त्या माणसानं गुलाबी कागद पुढे केला तेव्हा त्यावर काय लिहिलं आहे, हे त्यानं पाहिलं नव्हतं.

पण रंग पाहिला होता. हे आता बाकावर बसल्याबसल्या त्याला आठवलं. त्यानं विचारलं होतं, "बापूजी, हा फॉर्म वेगळा हाय?" बापूजी दाढी करत होते. आरशातूनच त्याच्याकडे पाहून म्हणाले होते, "राज्य बदललं, फॉर्म नाही बदलणार?" त्यावर तो हसला होता. इंग्रजी त्याला अगदीच येत नव्हतं असं नाही. मॅट्रिकला एक्केचाळीस मार्क होते. डोकं लावून वाचलं असतं तर तासाभरात कळलं असतं. त्यानं फॉर्मची गुंडाळी केली, दोरा बांधला आणि सायकलच्या दांड्याला अडकवून तो मोटार स्टँडवर गेला.

महिन्याभरात, मार्चमध्ये, प्रकरण फुटलं. विधानसभेत कुणीतरी प्रश्न विचारला की लोहाऱ्याच्या गिरणीला आलेली यंत्रं नवी आहेत की रंग दिलेली जुनी, आणि ती पुरवणारा माणूस मंत्र्यांचा मेहुणा आहे की नाही. पेपरांत आठवडाभर तेच. अर्धं सरकार म्हणत होतं, मंत्र्यांनी जावं. उरलेलं अर्धं म्हणत होतं, ते गेले तर विदर्भाचे आमदार बिथरतील आणि सरकारच जाईल. दोन्ही बाजू एकमेकांचे हात धरून बसल्या. गिरणीच्या कर्जाला सरकारनं हमी द्यायची होती. त्या हमीवर कुणी सही करेना, आणि नाही म्हणूनही लिहीना. फाइल एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जात राहिली. बँकेनं हात आखडला. मग साठ साली पुन्हा राज्य बदललं, पुन्हा पेढे वाटले, आणि वर्षानं कोर्टाची नोटीस गिरणीच्या फाटकावर चिकटली. हे सगळं शंकरसिंगला पाठ होतं. चार वर्षं दर होळीला, दर दिवाळीला तांड्यात जाऊन त्यानं ते धड्यासारखं समजावलं होतं. सरकारनं बुडवलं. धनीकाकी खाटेवर बसून ऐकायची. एकदा तिनं विचारलं होतं, "कोनतं सरकार? तू पयले नागपूरचं सांगतलं, मंग मुंबईचं." त्यानं सांगितलं, तेच सरकार, गाव बदललं. "माणसं तेच?" "काही तेच." तिनं मान हलवली होती. तांड्यांचं गाव बदलणं तिला नवीन नव्हतं. तिच्या सासऱ्यानं बैलांच्या पाठीवर मीठ लादून अर्धा मुलूख तुडवला होता. सरकारही तसंच उठून जातं हे तिला पटण्यासारखं होतं, आणि तिला पटलं याचं त्याला त्या वेळी बरं वाटलं होतं.

सरकारनं बुडवलं या वाक्यात एक सोय होती. त्यात तो आणि ते अकरा जण एकाच बाजूला बसत. त्याचेही पाच शेअर गेलेच होते. फसवले गेलेल्यांच्या पंगतीत त्याचा पाट पक्का होता.

"गुरुजी, जबानी द्याल का?" सदाशिवराव विचारत होते. "लिक्विडेटरसाहेब अशा व्यवहारांची वेगळी यादी करून राहिले. प्रकरण फुटायच्या महिनाभर आधी डायरेक्टरनं आपले शेअर असे काढून टाकावे, हे कोर्टाला सांगण्यासारखं आहे. पण कुणी बोललं पाहिजे. अंगठेवाले बोलले तर वकील त्यांना दोन प्रश्नांत गुंडाळतील. तुम्ही साक्षीदार."

"उद्या सांगतो," तो म्हणाला. शाळेची घंटा झाली होती. उरलेल्या दोन तासांत त्यानं काय शिकवलं ते त्याला आठवलं नाही. मुलं उठून गेल्यावर फळ्यावर त्याच्याच अक्षरात नद्यांची नावं होती.

संध्याकाळी तो घरी न जाता सरळ बापूजींकडे गेला. ओसरीवर माणसं होती. जिल्हा परिषदा नव्यानं होऊ घातल्या होत्या आणि बापूजी उभे राहणार होते. तो चपला काढून नेहमीच्या जागी, खांबाला टेकून उभा राहिला. आपण नेहमी याच खांबाशी उभे राहतो, कधी खुर्चीवर बसत नाही, हे त्याच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. माणसं गेल्यावर बापूजी म्हणाले, "काय म्हणते शाळा? बरं झालं आला. रविवारी तुमच्या तांड्याकडे जायचं आहे, तुला संगं यावं लागेल."

"बापूजी, मी लिक्विडेटरकडे गेलतो."

बापूजींनी पानाचा डबा उघडला, सुपारी कातरली. त्यांची बोटं त्याला लहानपणापासून आवडत. लांब, स्वच्छ, नखं नेमकी कापलेली.

"गुलाबी फॉर्म तुमच्या शेअरचे होते," तो म्हणाला.

"हो. माझे शेअर होते, मी विकले. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

"तुम्हाले मालूम होतं काय, प्रकरण फुटनार हाय म्हणून?"

बापूजींनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. मग शांतपणे म्हणाले, "जानेवारीत मुंबईला गेलो होतो. कानावर आलं. कानावर तर रोज शंभर गोष्टी येतात. मला वाटलं, मिटेल. मिटलं असतं तर शेअरचा भाव चढला असता आणि फायदा तुझ्याच लोकांचा झाला असता. तेव्हा तू माझ्याकडे आला नसता विचारायला."

"आन् नाही मिटलं तर?"

"शंकर, तेव्हा दोन मुलींची लग्नं माझ्या डोक्यावर होती. गिरणीसाठी घर गहाण पडलं होतं. कुणाला तरी विकावेच लागणार होते. शहरातले लोक पेपर वाचतात, त्यांनी घेतले नसते." हे ते इतक्या सरळपणे बोलले की आपण काय बोललो हे त्यांना क्षणभर कळलं नसावं. कळल्यावरही त्यांनी शब्द मागे घेतले नाहीत. "आता ते तुझी जबानी मागतील. दे. पण विचार कर. फॉर्म तू नेले, अंगठे तू घेतले, काकीची चांदी सराफाकडे तू विकली. मी तर तिथं नव्हतोच. कोर्ट विचारेल, मास्तर, तुम्ही काय वाचून सही केली? मी तुला माझ्या पोरासारखं वाढवलं, म्हणून सांगतो. नोकरी आहे, हेडमास्तरकी येईल यंदा. म्हातारीला आता हे सांगून काय मिळणार?"

शंकरसिंगला राग यायला हवा होता. त्यानं आत शोधलं. तिथं रागाऐवजी एक ओशाळेपणा होता, वडिलांना नको त्या अवस्थेत पाहिल्यावर वाटतो तसा, आणि त्याच्या खाली, फार खाली, अजूनही ही इच्छा होती की बापूजींनी काहीतरी असं बोलावं ज्यानं सगळं पूर्वीसारखं होईल. एक वाक्य. चूक झाली रे, एवढं. ते वाक्य आलं असतं तर तो कदाचित उद्या सदाशिवरावांकडे गेला नसता. हे त्याला स्वतःबद्दल कळलं आणि त्याची त्याला भीती वाटली. विमलताई चहा घेऊन आल्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं. कप त्याच्या हातात देताना त्या हळूच म्हणाल्या, "मी तेव्हा म्हटलं होतं यांना. शंकरच्या लोकांना देऊ नका म्हणून."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. या घरात जेवणाच्या वेळी त्यावर बोलणं झालं होतं, कदाचित त्याच स्वयंपाकघरात, आणि तो त्यानंतरही कित्येक सणांना तिथं बसून जेवला होता. विमलताईंनी त्याला आग्रह करून दुसऱ्यांदा वाढलं होतं. तेव्हा त्या काय विचार करत असतील? चहा गोड होता. तो त्यानं पूर्ण प्यायला, कप खाली ठेवला, वाकून दोघांनाही नमस्कार केला, सवयीनं, आणि पायऱ्या उतरला. सायकल घेऊन दत्त चौकापर्यंत आल्यावर त्याला जाणवलं की आपण चालतो आहोत, बसलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं जबानी दिली. सदाशिवराव लिहीत होते आणि तो सांगत होता, मुलांना शुद्धलेखन घालावं तसा, तुकड्या तुकड्यानं. एका जागी सदाशिवराव थांबले. "इथं लिहितो, 'सदर फॉर्म हस्तांतरणाचे आहेत याची मला कल्पना नव्हती.' बरोबर?"

त्याला आरशातला तो चेहरा दिसला, गालावर साबणाचा फेस. "फॉर्म वेगळे हायेत हे मले दिसलं होतं," तो म्हणाला. "मी विचारलं. त्यांनी उत्तर देल्लं नाही, आन् मी पुन्हा विचारलं नाही. वाचलं बी नाही."

"हे तुमच्याच विरुद्ध जाईल, गुरुजी."

"लिहा."

रविवारी बापूजी तांड्यावर जाणार म्हणून तो शनिवारीच गेला. धावजी नायकाच्या अंगणात निंबाखाली दहा जण जमले. अकरावा, भीमसिंग, गेल्या वर्षी वारला होता, त्याची बायको मानीबाई आली. शंकरसिंग उभा राहिला आणि मराठीत बोलू लागला. कारण गिरणीबद्दल तो इथं नेहमी मराठीतच बोलत आला होता. परिस्थिती, धोरण, हमी, मंजुरी. चारसहा वाक्यांनंतर तो अडला. मग गोरबोलीत, तांड्याच्या आपल्या बोलीत बोलला, आणि त्या बोलीत ते सगळे शब्द नसल्यानं गोष्ट फार लहान झाली. बापूजीला कळलं होतं घर पडणार आहे. त्यानं आपली जागा तुम्हाला विकली. कागद मी आणला. संपलं. इतकं लहान ऐकून लोक वाट पाहत राहिले, पुढे काही असेल म्हणून.

"म्हंजे सरकारनं नाही बुडवलं?" मोतीबाईनं विचारलं.

"गिरणी सरकारनं बुडवली. तुमचे पैसे गिरणीत नव्हतेच."

धावजी नायकाची नजर जमिनीवर होती. तो म्हणाला, "उद्या तो येईन. खाटेवर बसवू, पानी देऊ. आपल्या अंगनात आलेल्याले काही बोलत नाही आपन." मग वर पाहून, "मत नाही देनार."

तसंच झालं. बापूजी आले, पाणी प्याले, भाषण करून गेले. तांड्याची मतं ती किती, बापूजी निवडून आले. जबानीचं पुढे काय झालं ते कळलं नाही. सदाशिवराव नागपूरला परत गेले. गिरणीची यंत्रं भंगारात गेली, त्यातून बँकेचं भागलं, कामगारांना थोडं मिळालं. भागधारक कायद्यानं सगळ्यांच्या शेवटी उभे असतात, त्यांच्यापर्यंत काही आलं नाही. पावसाळ्याआधी शंकरसिंगच्या हातात बदलीचा कागद पडला. पांढरकवड्याच्या पलीकडे, जंगलातली एकशिक्षकी शाळा. हेडमास्तरकी दुसऱ्या कुणाला. त्याला वाईट वाटलं नाही. उलट कागद वाचताना एक हलकेपणा आला, आता हिशेब पुरा झाला असा. तो स्वतःला म्हणाला, मीही गमावलं. मंत्र्यानं, मुंबईनं, बापूजीनं, विमलताईनं, सगळ्यांनी मला फसवलं, आणि तरी मी खरं बोललो. हे वाक्य त्याला आवडलं. मोटारीत महागावपर्यंत ते त्याच्यासोबत होतं. ते काकीला सांगावं असं त्याला वाटत होतं, नेमकं याच शब्दांत नाही, पण तिला समजेल असं.

धनीकाकी दारात बसून तुरीच्या दाण्यांतले खडे निवडत होती. तिचे केस दोन्ही कानांपाशी मोकळे होते. काका होता तोवर तिथं चांदीच्या घुगऱ्या लोंबत. काका गेल्यावर रीतीप्रमाणे त्या उतरवून तिनं मडक्यात ठेवल्या होत्या, आणि अठ्ठावन्न साली त्यानं मागितलं नसतानाही मडकं आणून त्याच्यासमोर पालथं केलं होतं.

तो तिच्याजवळ बसला. बदलीचं सांगितलं. जंगल आहे, शाळेला छप्पर आहे की नाही कोण जाणे, असंही सांगितलं. ती ऐकत होती. मग तो म्हणाला, "काकी, बापूजी असा निंघन, असं मले सपनात बी वाटलं नाही. मिलवर भरोसा ठेवला, तो बी गेला. तुही चांदी गेली."

"मी मिल कुठी पाह्यली?" काकी म्हणाली. तिचे हात सुपात चालूच होते. "मी मिलले नाही देल्ले, बापूजीले बी नाही देल्ले. मी तुले देल्ले."

तिच्या आवाजात ठपका नव्हता, तोही त्यानं शोधून पाहिला. कुणी विचारावं, बैल कुणाला विकला, आणि कुणी नाव सांगावं, तितकंच ते होतं.

"मंग माझ्यापासून माग," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "बोल मले. शिव्या दे."

"मागून नाही राह्यली," ती म्हणाली. "तू इचारलं म्हणून सांगतलं."

त्यानं काही विचारलं नव्हतं. सूप एका अंगाला कलवून तिनं खडे वेचले आणि मागे न पाहता अंगणात टाकले. समोरच्या घरातून मानीबाई बकऱ्या घेऊन निघाली, त्याच्याकडे पाहून नेहमीसारखी रामराम म्हणाली आणि वाटेला लागली. पांढरकवड्याची गाडी पकडायची तर आता उठायला हवं होतं. तो उठला नाही. काकीनंही त्याला उठ म्हटलं नाही.